कपाटाच्या दाराआतली यादी

तुम्ही गेलात त्याला आज एकोणीस दिवस झाले. पहिल्याच दिवशी मी कामांची यादी केली होती, ती परवा संपली. मृत्यूचा दाखला आणला, त्याच्या प्रती काढल्या, रेशनकार्डावरचं नाव कमी केलं, तुमचे दोन्ही चष्मे शिबिरवाल्यांना दिले, लोकरीचे कपडे ऊन दाखवून बांधून ठेवले. शेवटची ओळ, बाराव्यानंतर वाढवलेली, होती ‘धुळे’. ती खोडली आणि हे लिहायला बसले. तुम्हाला न सांगता मी आजवर काही केलेलं नाही, त्यामुळे हेही सांगून टाकते.

गल्लीतले लोक दहाव्यानंतर येऊन गेले. तुमच्या नावानं सात दिवसांचं पारायण बसवायचं म्हणतात, आणि मी तुमच्या भक्तीवर दोन पानं लिहून द्यावीत असाही आग्रह आहे. ‘महाराज’ म्हणायचे ना तुम्हाला सगळे. मी म्हटलं, बघते. अक्का, तुमच्या आई, कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी एवढ्या माणसांसमोर पदर न सावरता आपल्या मुलाबद्दल सांगितलं, “पारायण हिनीच बंद कयं. नही तर मना आंडोर आज बी पोथीपुढे बसता.”

हे मी नऊ वर्षं ऐकतेय. पोथी लाल कापडात गुंडाळून ट्रंकेत मीच टाकली होती, त्यामुळे अर्धं खरंच आहे. उरलेलं अर्धं फक्त तुम्ही सांगू शकत होतात. त्यात रोगाचं नावसुद्धा घ्यायची गरज नव्हती. “अक्का, ते मी आपणहून सोडलं,” एवढंच. मी तुम्हाला दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा तुम्ही “सांगतो” म्हणालात.

मुळापासून सांगते, कारण हे अनोळखी लोकांनीही वाचावं अशी इच्छा आहे, आणि त्यांना आपलं काही माहीत नाही.

तुम्ही कापसाच्या खरेदी केंद्रावर ग्रेडर होतात. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की आज शिरपूर, उद्या जामनेर, जिथे पाठवतील तिथे. शेतकरी गाडी आणायचा, वर पांढराशुभ्र कापूस, खाली कधी ओला तर कधी कवडीचा, म्हणजे किडका-पिवळा. तुम्ही गाडीत कोपरापर्यंत हात घालून मूठभर काढायचात, दोन्ही हातांच्या बोटांत धागा ताणायचात आणि प्रत सांगायचात. माझ्या माहेरच्या जामनेरला तुमच्याबद्दल म्हणत, या माणसापुढे खाली काही लपत नाही. मला त्याचा अभिमान होता. मुलींच्या शाळेत मी कारकून, मलाही सगळं जिथल्या तिथे लागतं. आपली जोडी शोभते असं मला वाटायचं.

लग्नाच्या चौथ्या वर्षी, धाकटा चालायला लागला त्या सुमारास, तुम्ही पारायणाला बसायला लागलात. हंगामावरून आलात, दोन दिवस अंग मोडून ताप होता, तिसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ करून म्हणालात, “सात दिवस पोथी वाचणार आहे. पुढच्या खोलीत झोपेन. ब्रह्मचर्य पाळायचं असतं.” मी विचारलं, मध्येच काय हे? तुम्ही म्हणालात, मनात आलं. सोवळ्याचं धोतर वेगळं. ते तुम्ही स्वतः धुवायचात, गच्चीच्या कोपऱ्यात वेगळ्या दोरीवर वाळत घालायचात, कुणाला हात लावू द्यायचा नाहीत. आठव्या दिवशी समाप्ती. अक्का साक्रीकडच्या, त्यांच्या हातचे खापरावरचे मांडे, दोन सवाष्णी जेवायला, गल्लीत प्रसाद.

वर्षातून तीन-चारदा हे चालायचं. अक्का ऊर भरून सांगायच्या, “मना आंडोर देवना माणूस शे. असा नवरा बठ्ठीसले भेटस का?” शेजारणी मला म्हणायच्या, वहिनी, तुम्ही नशीबवान, आमचे हे हंगामावरून येतात ते दारूचा वास घेऊन. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पारायणाचे सात दिवस लाल शाईनं जोडून रेघ ओढायची. समाप्तीला काय आणायचं त्याची यादी मागच्या पानावर. गॅसची टाकी कधी लावली, परीट कधी आला, दूध कोणत्या दिवशी नको होतं, सगळं त्याच कॅलेंडरवर. वर्ष संपलं की गुंडाळी करून सुतळीनं बांधून माळ्यावर. तुम्ही हसायचात. “हिला रद्दीवाल्याशी वैर आहे,” असं पाहुण्यांना सांगायचात.

नऊ वर्षं ते लाल रेघांचं चाललं. मग त्या फाल्गुनात मी आजारी पडले.

ताप, जांघेत गाठी, आणि जिथे सांगायची लाज वाटते तिथे फोड. अक्कांना मी फक्त ताप आणि आग एवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, “अंगमा उष्णता जयी तुले. सब्जा पे, बरं वाटी.” दोन दिवस सब्जा प्यायले. लघवीला बसायची भीती वाटायला लागली. मी मोरीत भिंतीला धरून उभी होते आणि बाहेरून तुम्ही हळूच म्हणालात, “बसताना वरून कोमट पाणी ओतत राहा. आग कमी होते. बादली आणून ठेवतो.”

बादली आणलीत. पाणी बरोबर तेवढंच गरम, हाताला लागेल न लागेल असं. उपाय लागू पडला, हेही लिहून ठेवते. चार दिवस तुम्ही ती बादली भरत होतात, ऑफिसला दांडी मारून. माझे केस विंचरलेत. मुलांना डबे दिलेत. कुणाही नवऱ्यानं केलं नसेल एवढं केलंत, आणि मी तुमच्याकडे बघत पडून होते. कारण आग कुठे होते हे मी तुम्हाला सांगितलेलंच नव्हतं.

पाचव्या दिवशी मी एकटी बाई डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासलं, हात धुतले आणि सरळ सांगितलं. हा एक विषाणू आहे. कातडीला कातडी लागून येतो. फोड बरे होतात, तो जात नाही. कण्याजवळच्या नसेत निजून राहतो. ताप आला, माणूस थकला की परत येतो. आधी चुणचुण, मग फोड, मग खपली. सगळ्यात जास्त पसरतो तो याच दिवसांत. पण वर काहीच दिसत नसतानाही कधीकधी पसरतो.

“मिस्टरांना असं कधी होतं का?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “ते पारायण करतात.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांना वाटलं असेल, बाईला तापात भ्रम झाला.

घरी येऊन मी माळ्यावर चढले. अंगात ताप होता, शिडी हलत होती. नऊ गुंडाळ्या खाली आणल्या, फरशीवर पसरल्या, कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. एकतीस लाल रेघा. एकही चातुर्मास बघून आखलेली नाही, एकाही सणाशी जुळत नाही. इथे ‘ह्यांना ताप’ असं माझ्याच अक्षरात, दोन दिवसांनी रेघ. इथे ‘हंगाम संपला’, चार दिवसांनी रेघ. इथे बहिणीच्या लग्नाची धावपळ, आठवड्यात रेघ. सगळं मीच लिहिलेलं. नऊ वर्षं मी तुमच्या रोगाची नोंद ठेवत होते आणि त्यावर प्रसादाची यादी करत होते.

शेवटची रेघ, भिंतीवरच्या चालू कॅलेंडरवरची, माझ्या तापाच्या आधी नऊ दिवस संपली होती. समाप्ती, मांडे, सवाष्णी, आणि त्या दिवशी तुमचं अंथरूण पुढच्या खोलीतून आत आलं.

तुम्ही संध्याकाळी आलात तेव्हा कॅलेंडरं तशीच पसरलेली होती. तुम्ही बूटही काढले नाहीत. बराच वेळ उभे राहून वाचलंत. मग म्हणालात, “तुला लागू नये म्हणूनच ना मी लांब राहत होतो.”

हे वाक्य मी कितीदा उलटसुलट करून पाहिलं. खोटं नाही ते. हंगामात असताना लागण झाली, धुळ्याच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, फोड आहेत तोवर बायकोपासून दूर राहा. जळगावात कुणी बघेल म्हणून धुळ्याला गेला होतात, आणि दारावर ‘गुप्तरोग’ अशी पाटी होती म्हणून अर्धं ऐकून जिना उतरलात. दूर राहायचं, पण बायकोला कारण काय द्यायचं? पोथी सापडली. कुणी प्रश्न विचारत नाही, उलट पाया पडतात. सोवळं असलं की धोतरही कुणी बघत नाही.

पण फोडांना पोथी कळत नाही हो. पोथी सात दिवसांत संपते. खपली कधी दहा दिवसांनी पडते, कधी बारा. तुम्ही समाप्तीचा दिवस मोडू शकत नव्हतात. सवाष्णींना सांगितलेलं, अक्कांनी पुरण शिजवलेलं, आणि आठव्या दिवशी नवरा आत आला नाही तर मी विचारलं असतं. गाडीतला ओला कापूस बोटांनी ओळखणारा माणूस स्वतःच्या अंगावर दिवस मोजत बसला. आणि पोथी सुरू व्हायच्या आदल्या दिवसाचं काय? ती चुणचुण सुरू झाली असताना आपण एका खोलीत होतो की नाही, ते तर कॅलेंडरवरही नाही.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे परत गेले आणि ती शेवटची रेघ दाखवली. म्हटलं, याच वेळी लागलं ना? त्या म्हणाल्या, “असू शकतं, नसूही शकतं. काहींच्या अंगात तो वर्षानुवर्षं असतो आणि पहिला झटका उशिरा येतो.” मला एक तारीख हवी होती, गोल करायला. ती मिळाली नाही. याचा राग अजून आहे.

कुठून आणलात हे मी त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही नाही. तुम्ही वाट बघत होतात मी विचारेन म्हणून. तुम्हाला वाटत होतं, भांडण तिथे आहे. भांडण तिथे नव्हतं. तुम्ही पहिल्या दिवशी जिना उतरून, बस पकडून घरी येऊन मला म्हणाला असतात, असं असं झालंय, तर मी दोन दिवस रडले असते, आठवडाभर बोलले नसते, आणि मग कागद-पेन्सिल घेऊन बसले असते. तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक होता. तरीही तुम्ही देवाला सांगितलंत, मला नाही. तुम्ही म्हणालात, “तू सोडून गेली असतीस.” मी म्हटलं, “ते मी ठरवलं असतं.” इथे आपलं भांडण थांबलं, आणि नऊ वर्षं इथेच थांबून राहिलं.

त्या रात्री पोथी ट्रंकेत गेली. तुम्ही एकच मागितलंत, “माझ्या हयातीत कुणाला सांगू नकोस.” मी हो म्हटलं.

आणि दुसऱ्या दिवशी यादी केली. डॉक्टरांकडून आले तेव्हा सगळं विचारून लिहून आणलं होतं, ते स्वच्छ अक्षरात उतरवलं आणि आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. चुणचुण वाटल्या क्षणापासून ते खपली पडून खाली कोरी कातडी येईपर्यंत जवळ यायचं नाही. दिवस मोजायचे नाहीत, कातडी बघायची. एरवीही निरोध वापरायचा, पण तो सगळी कातडी झाकत नाही, त्यामुळे धोका कमी होतो, संपत नाही. फोडाला हात लागला तर साबणानं धुवायचा, डोळ्याला लावायचा नाही. ताटवाटी, संडास, एकत्र धुतलेले कपडे यातून तो येत नाही, सोवळ्याची नाटकं नकोत. ताप आणि दगदग झाली की आधीच सावध राहायचं. बाई गरोदर असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण पहिली लागण शेवटच्या महिन्यांत झाली तर बाळंतपणात बाळाला होऊ शकतो आणि बाळाला तो झेपत नाही.

यातलं निम्मं आपल्याला लागू नव्हतं. मुलं आधीच झालेली, माझं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, दोघांनाही तोच असेल तर आता एकमेकांना द्यायची भीती फारशी नाही, निरोधाची सक्ती नको. मी म्हटलं, राहू द्या. ते कलम मी औषध म्हणून ठेवलं नव्हतं, रागानं ठेवलं होतं. आज कबूल करते.

तुम्ही सगळं पाळलंत, एक अक्षर न वगळता. निरोध आणायला मात्र कुटुंबकल्याण केंद्रावर मलाच पाठवलंत. तिथली नर्स शाळेतल्या एका मुलीची आई. म्हणाली, “वहिनी, तुमचं तर ऑपरेशन झालंय ना? मग हे कशाला?” मी म्हटलं, “लागतात.” ती म्हणाली, “महाराजांना?” आणि तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले. घरी येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्ही पाठ फिरवलीत, पण खांदे हलत होते. त्या नऊ वर्षांत आपण एकत्र हसलो असे प्रसंग थोडे आहेत. हा त्यातला एक. तो जपून ठेवलाय.

मग एड्सच्या जाहिराती भिंतीभिंतीवर आल्या आणि तुम्हाला झोप येईना. मी तुम्हाला हाताला धरून रक्त तपासायला नेलं. दोघांचंही नीट निघालं. परतताना तुम्ही रस्त्यात थांबून माझ्यासाठी उसाचा रस घेतलात, दोन ग्लास. काही बोलला नाहीत. मला वाटलं, आता बोलाल. मी ग्लास हळूहळू संपवला, तुम्हाला वेळ मिळावा म्हणून.

आता धुळ्याचं.

बाराव्याला धुळ्याहून प्रकाश आला होता, बायकोला घेऊन. (नावं मी बदलली आहेत, त्यांना विचारूनच लिहितेय.) तुमच्या हाताखाली ग्रेडिंग शिकलेला. तुम्ही त्याला धाकटा भाऊ मानायचात, तो तुम्हाला ‘भाऊ’ म्हणायचा. बायको सुनंदा, सातवा महिना. एवढ्या प्रवासाची गरज नव्हती, पण ती म्हणाली, भाऊंसाठी यायलाच हवं होतं. बायकांमध्ये माझ्याशेजारी बसून डोळे पुसत सांगायला लागली, “वहिनी, आमच्या ह्यांना भाऊंनीच देवाला लावलं. आता दर दोन-तीन महिन्यांनी पारायणाला बसतात.”

माझा हात तांदूळ निवडत होता, तो थांबला.

“कधीपासून?”

“गेल्या दिवाळीपासून. पाडव्याला इकडे आले होते ना, तेव्हा भाऊंनी पोथीच दिली हातात.”

मी उठून ट्रंक उघडून आले. लाल कापड होतं. पोथी नव्हती.

“बसतात कधी?” मी विचारलं. “एकादशी बघून?”

“नाही हो. ताप येऊन गेला, की बसतात. हंगामात दमले, की बसतात. म्हणतात, देव आजारपणात आठवतो.”

“सोवळ्याचं धोतर कोण धुतं?”

“स्वतः. मला हातसुद्धा लावू देत नाहीत.” ती लाजून हसली. “परवाच समाप्ती झाली. आता पुढच्या महिन्यात मी माहेरी जाणार साक्रीला, तोवर आणखी एकदा बसतो म्हणत होते.”

मी तिच्या पोटाकडे बघितलं. अक्का पलीकडून म्हणाल्या, “देख, तठे बी मना आंडोरनी पुण्याई.”

कपाटाच्या दारावर यादी होती. तुम्ही रोज शर्ट काढताना ती तुमच्या डोळ्यांपुढे यायची. गरोदर बाईचं कलम त्यात होतं. आणि पाडव्याला, मी तुम्हाला ओवाळून स्वयंपाकघरात गेले तेवढ्यात, तुम्ही त्या पोराला यादी दिली नाहीत. पोथी दिलीत.

मला खात्री नव्हती. नुसता संशय होता. खरंच देवाला लागलेला माणूसही असतोच की. म्हणून आधी सुनंदाला काही बोलले नाही. तिला सांगायचा पहिला हक्क प्रकाशचा होता. पण तिच्याकडे वेळ नव्हता. सतराव्या दिवशी यादीची स्वच्छ नक्कल पर्समध्ये घालून मी सकाळच्या एस.टी.नं निघाले. अक्का दारात आडव्या बसल्या. “सव्वा महिना बी नही जया आनि धुय्याले चालनी? लोके काय म्हनतीन?” मी म्हटलं, “अक्का, पाय घ्या, गाडी चुकेल.”

प्रकाश ओट्यावरच भेटला. मला बघून त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मी बसले, पाणी प्यायले आणि सुनंदा चहा ठेवायला आत गेल्यावर विचारलं, “तुम्हाला फोड येतात?”

त्यानं उठून आतलं दार लोटलं. मग म्हणाला, “वहिनी, भाऊंनी शपथ घातली होती.”

“मलाही घातली होती. त्यांच्या हयातीपुरती.”

“भाऊ म्हणाले, सात दिवस पाळ, तिला काही कळणार नाही, तिला काही होणार नाही.”

“मला झालं.”

त्यानं वर बघितलं. हे तुम्ही त्याला सांगितलं नव्हतंत. मी काही समजावत बसले नाही. गेल्या समाप्तीला खपली पडली होती का, एवढं विचारलं. त्याला माहीत नव्हतं. त्यानं बघितलंच नव्हतं. सात दिवस झाले होते ना.

“मी विचारलं होतं भाऊंना,” तो म्हणाला, “की वहिनींना सांगितलं होतं का. ते म्हणाले, तिला सांगायची वेळच आली नाही, तिनं ओळखलं. फार कौतुकानं म्हणाले, वहिनी. म्हणाले, माझ्या बायकोपुढे काही लपत नाही.”

त्या ओट्यावर ऊन आलं होतं. मी पदर डोक्यावर ओढून घेतला. मेल्यानंतर तुमच्याकडून कौतुक आलं ते असं, आणि तेही या गोष्टीचं. कसं घ्यायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मी त्याला कागद दिला. “आत जा. हा वाचून दाखवा. तिनं विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर द्या. उद्या दोघांनी डॉक्टरांकडे जायचं, आणि साक्रीच्या डॉक्टरीणबाईंनाही चिठ्ठी न्यायची. मी इथेच बसते. अर्ध्या तासात तुम्ही सांगितलं नाहीत तर मी आत येऊन सांगेन.”

“ती मला सोडून जाईल.”

“ते ती ठरवेल.”

तो गेला. मी घड्याळ बघत बसले. आतून आधी काहीच ऐकू आलं नाही, मग भांडं पडल्याचा आवाज, मग तिचं रडणं, मग दोघांचं बोलणं, खालच्या आवाजात, पुष्कळ वेळ. शेजारीण भिंतीवरून डोकावून म्हणाली, काय झालं हो? मी म्हटलं, हिशेबाचं बोलताहेत. त्याला सांगायला सतरा मिनिटं लागली. तुम्हाला नऊ वर्षं होती, आणि त्यानंतर आणखी नऊ.

सुनंदा बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते. हातात कागद. माझ्या शेजारी टेकली, पोट सावरत. बराच वेळ कागद वाचत होती, शाळेतल्या मुलीसारखा ओळीवर बोट ठेवून.

“अक्षर तुमचं आहे?”

“हो.”

“वहिनी, यात सगळं आहे. साबणसुद्धा आहे.” तिनं नाक पुसलं. “पण बायकोला सांगायचं, हे कुठेच नाही.”

मी कागद घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला. नव्हतं. खरंच नव्हतं. मी यादी केली तेव्हा सांगायचं काही उरलं नव्हतं, मला कळून चुकलं होतं. म्हणून ते कलम माझ्या हातून लिहिलंच गेलं नाही. आणि तुम्ही नऊ वर्षं ती यादी अक्षरशः पाळलीत. जे तीत होतं ते सगळं केलंत. जे नव्हतं ते केलं नाहीत.

मी तुम्हाला माफ करण्यासाठी हे लिहीत नाहीये. यादीत नव्हतं म्हणून माणसाला सुचू नये, असं नसतं. पण गाडीत परत येताना एरंडोलपर्यंत मी त्याच कागदाचा विचार करत होते.

तिथे ओट्यावर मी पेन काढलं. सगळ्यात वर जागा नव्हती, म्हणून समासात लिहिलं, ‘आधी सांगायचं’, आणि त्याला पहिला नंबर दिला. मग खालचा प्रत्येक आकडा खोडून एकेक पुढे सरकवला. सुनंदा बघत होती. तिनं कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि आत गेली. ती कुठे राहील, माहेरी की त्याच्याकडे, ते तिनं मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

येताना प्रकाशनं पोथी परत दिली. गल्लीतल्यांना मी ती देऊन टाकली आहे, त्यांनी खुशाल पारायण करावं, देवाचं त्यात काही चुकलेलं नाही. अक्कांना मी एवढंच सांगितलं, “त्यांनी पारायण आपणहून सोडलं होतं.” तुमचं वाक्य. नऊ वर्षं उशिरा, आणि माझ्या तोंडून. त्या म्हणाल्या, “आते सांगस?” मी म्हटलं, “हो.”

मग खोलीत आले, कपाट उघडलं. तुमचे शर्ट अजून तिथेच आहेत, ते यादीत घ्यायचे राहिले. दाराआतली यादी पिवळी पडली आहे, एक कोपरा सुटलाय. तो चिकटवला. वर समासात तेच कलम लिहिलं आणि खालचे सगळे आकडे बदलले. वाचायला आता कुणी नाही. पण मला अपुरी यादी ठेवायची सवय नाही.